हिरवीचा हिवाळा

परवा पहाटे विद्याने झोपेतच हात लांब करून पंखा बंद केला. आमच्या बोरिवलीत थंडी येते ती अशी. स्वेटर कपाटातच राहतात, शाल फार तर सोफ्याच्या पाठीवर येऊन बसते. पण एका पहाटे पंखा बंद होतो आणि वर्षभर त्याच्या घरघरीखाली दबलेले आवाज मोकळे होतात. गच्चीवरच्या टाकीत पडणारी पाण्याची धार ऐकू येते. खालच्या मजल्यावर कुणीतरी आलं ठेचत असतं. मी डोळे मिटून तसाच पडून राहिलो आणि मनात पहिला विचार आला, की आता इंजिन तापणार नाही.

जुनी गाडी बाळगणाऱ्याला मुंबईत एकच ऋतू मिळतो. पावसाचे चार महिने पत्र्याला गंज चढू नये म्हणून काळजीत जातात. उन्हाळ्यात दहिसरच्या सिग्नलला उभं राहिलं की तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागतो आणि माणसाला स्वतःलाच ताप भरल्यासारखं होतं. ऑक्टोबरचं तर नाव नको. उरतात डिसेंबरच्या मध्यापासूनचे सात-आठ आठवडे. तेवढ्या दिवसांत सकाळची हवा पातळ, कोरडी असते. जुनं इंजिन अशा हवेत चांगला श्वास घेतं.

माझी गाडी हिरवी आहे. आम्ही तिला हिरवीच म्हणतो. इंग्लंडात बनलेली, दोन माणसांची, कापडी टपाची, तारांच्या चाकांची स्पोर्ट्स कार. वयाने माझ्याहून एका वर्षाने मोठी. बसलं की रस्ता इतका जवळ येतो की दार उघडून हात खाली सोडला तर डांबराला लागेल. हीच गाडी घेऊन आम्ही दोघं थंडीतल्या रविवारी बाहेर पडतो. लोकांना वाटतं, सावंतांनी आयुष्यभर एकच गाडी जिवापाड जपली. तसं नाही. एके काळी माझ्याकडे अशा नऊ गाड्या होत्या आणि त्या नऊंपैकी एकही चालत नव्हती. ज्या हिवाळ्यात हे बदललं, तो हिवाळा पंखा बंद झाला की दर वर्षी आठवतो.

माझे वडील गिरणीत होते, साचेखात्यात. गिरणीतल्या बोलीत साचा म्हणजे माग. पुढे मी अंधेरीला प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवायचा छोटा कारखाना काढला, तेव्हा ते गावाकडच्या लोकांना सांगत, आमच्या दोन पिढ्या साच्यावरच. घाटकोपरच्या चाळीत आमच्या एका खोलीत सात माणसं होती आणि प्रत्येक वस्तू एकच होती. एक कंगवा, एक छत्री, बाहेर जायची एक चांगली चप्पल, जिच्यात मोठ्या भावाचा आणि माझा पाय आलटून पालटून जायचा. हे दुःख म्हणून सांगत नाही, मजेत दिवस होते. पण पुढे हातात पैसा आल्यावर मला एका वस्तूवर थांबता का येईना, त्याचं कारण शोधायला गेलं की मला ती चप्पल दिसते.

हिरवी मी डॉक्टर मालती देसाई यांच्याकडून घेतली. मुलुंडमध्ये त्यांचं प्रसूतिगृह होतं. त्यांच्या वडिलांनी कुणा परत निघालेल्या इंग्रज साहेबाकडून ही गाडी घेतली होती, आणि बाईंनी ती तीस वर्षं चालवली, तीही कामासाठी. मुलुंड, नाहूर, भांडुप, जिथून बोलावणं येईल तिथे. मागच्या चिंचोळ्या डिकीत बाळंतपणाची पेटी, आणि लुगड्याचा पदर खोचून स्टिअरिंगवर बसलेली लेडी डॉक्टर. जुन्या मुलुंडकरांना ते दृश्य अजून आठवतं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी गाडी घेतली. बाईंनी घासाघीस केली नाही, फक्त विचारलं, "चालवणार ना?" मी हो म्हणालो, आणि ते खरं होतं.

पहिले दोन हिवाळे मी आणि विद्याने गाडी सोडलीच नाही. रविवारी सकाळी निघायचं, वसईला एखाद्या टपरीवर पाव आणि चहा घ्यायचा, ऊन चढायच्या आत परत. विद्या बँकेत होती. आठवडाभर काचेमागे बसून आल्यावर तिला ते उघडं टप आवडायचं. केस तर असे व्हायचे, की घरी आल्यावर कंगवा चालायचा नाही. वाटेत गाडी बंद पडायची, मी बॉनेट उघडायचो, ती कठड्यावर बसून शेंगा खायची.

मग दुसरी गाडी आली. एका ओळखीच्याने सांगितलं, वांद्र्याला एका बंगल्यात लाल पडून आहे, त्याच कंपनीची, हिरवीच्या नंतरची. म्हटलं, जोडी होईल. जोडीनंतर तिसरी आली, ती इटलीची, कारण दोन्ही इंग्लंडच्या झाल्या होत्या. हे असंच होत गेलं. गोळा करायच्या आनंदाला मी आज नावं ठेवणार नाही. पत्ता काढत जाणं, गोठ्यात पेंढ्याखाली दडलेला दिव्याचा गोल ओळखणं, घरच्या म्हाताऱ्याशी दोन-दोन तास बोलून त्याचं मन वळवणं, यात जीव रमतो. माझाही रमला. फक्त गाडी घरी आली, रंग चढला, चामडं नवं झालं, की माझं तिच्याशी काम संपायचं. मन पुढच्या पत्त्यावर निघालेलं असायचं.

बोरिवलीत नऊ गाड्या ठेवणार कुठे? खाडीपलीकडे गोराईला तांडेलची वाडी होती. बबन तांडेल म्हणजे मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा कोळी, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. त्याच्या वाडीत नारळांमध्ये एक लांबलचक पत्र्याची शेड होती, पूर्वी जाळी ठेवायची. ती मी भाड्याने घेतली. गाड्या भाईंदर-उत्तनच्या लांबच्या रस्त्याने तिथे नेऊन लावल्या, आणि मी स्वतः दर रविवारी जेट्टीवरून लाँचने पलीकडे जायला लागलो. नऊ स्पोर्ट्स कारचा मालक हातात डबा घेऊन, कोळणींच्या रिकाम्या टोपल्यांच्या शेजारी उभा राहून खाडी ओलांडायचा. त्यातली गंमत मला तेव्हा कळत नव्हती. शेडमध्ये जायचं, नऊ आच्छादनं काढायची, मऊ फडक्याने धूळ पुसायची, थोडा वेळ बघत बसायचं, परत आच्छादनं घालायची. विद्या सुरुवातीला दोनदा आली. तिसऱ्या वेळी म्हणाली, तू जा, मला कपडे धुवायचेत आज. नंतर मी विचारणं सोडलं.

तांडेलला मी बजावून ठेवलं होतं, की गाड्यांना हात लावायचा नाही. त्याने एकदा विचारलं होतं, महिन्यातनं एकदा चालू तरी करू का? मी नको म्हणालो. होड्यांच्या इंजिनाला सरावलेला हात, कुठे काही ओरखडा पडला तर? तो बरं म्हणाला आणि किल्ली खिळ्याला लावून गेला.

अशी चारेक वर्षं गेली, आणि एका डिसेंबरात, ऑफिसात असताना डॉक्टरबाईंचा फोन आला. आवाज तोच, थोडा बारीक झालेला. त्यांनी सांगितलं, की डोळ्यांच्या मधोमध डाग पडत चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं, आणि ते आता वाढतच जाणार. मुलगी नागपूरला नेतेय, संक्रांतीनंतर मुलुंडचं घर बंद. जायच्या आधी एकदा गाडीत बसायचं होतं.

"गाडी आहे ना अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. झकास आहे," मी म्हणालो.

रविवारी पलीकडे गेलो आणि हिरवीचं आच्छादन काढलं. चमकत होती. बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, खट्ट असा एकच आवाज आला. तांडेल दारात उभा होता. मी पहिल्यांदाच त्याला आत बोलावलं. त्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं. पेट्रोल आंबून वार्निशसारखं झालं होतं. आम्ही गाडी ढकलून पाहिली, ती जागची हलेना. ब्रेक आतल्या आत चिकटून बसले होते. बॉनेट उघडलं तर हवेच्या नळीच्या तोंडाशी उंदराचं घरटं, आणि त्यात माझ्या नव्या कोऱ्या सीटखालचा कापूस व्यवस्थित पिंजून अंथरलेला.

तांडेल फडक्याला हात पुसत म्हणाला, "शेठ, होडी शाकारून ठेवली नि दोन वर्सं पाण्यात घातलीच नाय, तर फळ्या सुकतात. मधे फटी पडतात. वरनं रंग बघाल तर नवी दिसते."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. डॉक्टर रोग सांगतो तसं सांगितलं होतं. मी बाईंना झकास म्हणालो होतो.

घरी येऊन विद्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं, बोलेल काहीतरी. तिने विचारलं, किती दिवस आहेत? म्हटलं, पाच आठवडे. ती म्हणाली, मग लाग ना कामाला.

त्या पाच आठवड्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. खाडीवरून येणारा चिखलाचा आणि खारफुटीचा वास, वाडीबाहेर दोऱ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि त्यात मिसळलेला रॉकेलचा. मी शनिवारीही जायला लागलो, मग कारखाना माणसांवर सोडून बुधवारीही. तांडेल आणि मी पत्र्याच्या ट्रेमध्ये रॉकेल ओतून दोन्ही कार्ब्युरेटर सुटे केले, एकेक बारीक भोक तारेने साफ केलं. टाकी उतरवून तीनदा धुतली. चाकं काढून ब्रेकचे ड्रम लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकत सोडवले. शेवटचा सुटायला पूर्ण सकाळ गेली. माझ्या बोटांची कातडी सोलली. तरुणपणी लेथवर होतो तेव्हा हात असेच असायचे. मधल्या काळात ते इतके मऊ कधी झाले, मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मोठी अडचण आली. ब्रेकचं तेल दाबणारा मुख्य सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेला निघाला. तो मुंबईत मिळेना. कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन दिवस फिरलो. परदेशातून मागवायचा तर दोन महिने. तांडेल शेडमध्ये इकडे तिकडे बघत होता. लालच्या समोर उभा राहिला. म्हणाला, हिच्यात तोच हाय ना?

होता. लाल माझी सगळ्यात पूर्ण गाडी होती. तिचा प्रत्येक स्क्रू मूळचा होता, हे मी गाडीवाल्यांच्या मंडळीत अभिमानाने सांगायचो. तसा नमुना अख्ख्या शहरात दुसरा नव्हता. तिच्यातला एक भाग काढायचा म्हणजे ते सगळं मोडणार. मी सिलिंडरऐवजी दुसरं काही जमेल का, हे विचारत राहिलो. तांडेल पाना हातात धरून नुसता थांबला होता. बाहेर त्याची बायको बोंबील उलटत होती. आणि माझ्या लक्षात आलं, की लालचे ब्रेक मी कधी दाबलेलेच नाहीत. ती ट्रकवरून आली, ट्रकवरून उतरली, आणि इथे लागली. जे कधी थांबलंच नाही, कारण निघालंच नाही, त्याच्या ब्रेकला मी जपत होतो.

"काढ," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी विद्या आली. विचारलं नव्हतं, स्वतःहून आली, दोघांचा डबा घेऊन. लाँचवर कोळणींशी तिच्या गप्पा जमल्या, आणि उतरेपर्यंत तिला बोंबलाचा भाव, कुणाच्या सुनेचं काय चाललंय, सगळं ठाऊक झालं होतं. शेडमध्ये तिने एक क्रेट ओढला, जुना टूथब्रश मागितला आणि स्पार्क प्लग घासायला बसली. चार प्लगांना तिने दीड तास लावला. नंतर जेवताना म्हणाली, की मला तुझ्या गाड्यांचा राग कधीच नव्हता रे, तू रविवारी घरून निघायचास आणि संध्याकाळी धूळ पुसून परत यायचास, त्यात मी काय करायचं ते कळत नव्हतं. एवढंच. मी भाकरी मोडत राहिलो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी हिरवी चालू झाली. आधी खोकली, मग काळा धूर सोडला, मग थरथरत एका लयीत आली. तांडेलने कान बॉनेटजवळ नेला आणि मान हलवली. त्याची बायको हातातलं सूप घेऊन दारात आली. विद्या हसत होती. मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसलो. लाकडाच्या गोलातून इंजिनाची थरथर तळव्यांत येत होती.

संक्रांत उलटल्यावरच्या रविवारी मी बाईंना मुलुंडहून आमच्या रोजच्या गाडीने, घोडबंदर रोडवरून गोराईला आणलं. पांढरे कापलेले केस, सुती साडी, डोक्याला बांधायला आणलेला रुमाल, आणि तिळाच्या वड्यांचा डबा. समोरचं दिसत नसल्याने त्या माणसाकडे थोडं तिरकं, बाजूने बघायच्या. हिरवी मी नारळांच्या सावलीत आणून ठेवली होती. त्यांनी आधी फेंडरवर हात फिरवला, मग दारावर, मग वाकून सीटवर. सीटवर त्यांचा हात एका जागी थांबला. बोटांनी त्या काहीतरी चाचपत राहिल्या.

"इथे एक डाग होता," त्या म्हणाल्या. "भांडुपच्या एका बाईला घेऊन येत होते. अँब्युलन्स मिळेना. तिचं पाणी वाटेतच गेलं. मुलगी झाली. डाग काही गेला नाही."

मला तो डाग आठवत होता. गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात मी चामडं बदललं होतं आणि जुनं फेकून दिलं होतं. तसं सांगितलं. बाईंनी नव्या सीटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, हे चामडंही चांगलं आहे.

रस्त्यावर त्यांना चालवायला देणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. पण वाडीच्या आत फाटकापासून विहिरीपर्यंत नारळांमधून एक सरळ मातीची वाट आहे. तांडेलने ती सकाळीच झाडून, पडलेल्या झावळ्या उचलून ठेवल्या होत्या. बाई स्टिअरिंगवर बसल्या, मी शेजारी. मी सांगायला लागलो, क्लच जरा वर... त्यांनी ऐकलंच नाही. पाय आपोआप जागेवर गेले. पहिला गिअर पडला, कळलाही नाही. गाडी निघाली. नारळांची खोडं दोन्ही बाजूंनी मागे जात होती आणि बाई त्यांच्याकडे कडेच्या नजरेने बघत अंतर राखत होत्या. दुसरा गिअर. माती उडाली. विहीर जवळ आल्यावर मी हळूच म्हणालो, बाई, आता वाट संपते. त्यांनी ब्रेक दाबला. लालमधून काढलेल्या सिलिंडरने गाडी सरळ, शांत उभी केली.

चार फेऱ्या मारल्या त्यांनी. विद्या आणि तांडेलची बायको कट्ट्यावर बसून बघत होत्या, जणू शर्यतच चाललीय.

उतरल्यावर त्यांना बाकीच्या गाड्या बघायच्या होत्या. शेडमध्ये मी एकेक आच्छादन काढत गेलो. सवयीने माझी टकळी सुरू झाली. ही लाल, अमुक साली बनलेली, बंगल्यात सापडली. बाईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "हिला कुठे कुठे नेलंत?" मी म्हणालो, नेली नाही अजून, मूळ रंग आहे ना. पुढची इटलीची, असं इंजिन देशात मोजक्याच गाड्यांत. "आणि ही कुठे बंद पडली होती?" नाही, ही कुठे बंद पडलेली नाही. तिसऱ्या गाडीशी मी बनावटीचं साल सांगितलं. चौथ्या गाडीशी माझ्याकडे सांगायला काही राहिलं नाही. बाईंच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांच्या लेखी गाडीची ओळख म्हणजे ती कुठे गेली आणि कुठे अडली, बस. आठवी गाडी झाल्यावर त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. विद्याने त्यांचा हात धरला आणि चहाला नेलं.

मी शेडमध्ये थोडा वेळ एकटाच थांबलो. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे आठ गाड्यांवर पडले होते. सुंदर दिसत होत्या, अगदी खरं. पण त्यातल्या एकीवरही माझा डाग नव्हता.

चहानंतर बाईंना उत्तनच्या रस्त्याने समुद्र बघायचा होता. बघायचा म्हणजे वारा घ्यायचा. गाडी दोघांचीच, विद्या खुशाल मागे राहिली, तिला बोंबील निवडायला शिकायचं होतं. बाईंनी रुमाल बांधला. चर्चवरून, शेतांमधून आम्ही चढाला लागलो तसं इंजिन अडखळायला लागलं. मी गिअर बदलू का, या विचारात होतो. बाई समोर पाहत म्हणाल्या, "चोक थोडा बाहेर ओढा. अजून गार आहे ती." ओढला. इंजिन सरळ झालं. टेकाडावर समुद्र आला तेव्हा त्यांनी तोंड वर केलं आणि वाऱ्यात डोळे मिटून घेतले. मला तेव्हा एकदम वाटलं, की ही गाडी माझी आहे असं मी इतकी वर्षं म्हणत होतो, ते आज कुठे खरं व्हायला लागलंय.

बाई नागपूरला गेल्या. पुढच्या दोन हिवाळ्यांत मी आठ गाड्या देऊन टाकल्या. सोपं गेलं असं म्हणणार नाही. प्रत्येक गाडी फाटकातून बाहेर पडताना मी वळणापर्यंत तिच्यामागे चालत जायचो, आणि परतीच्या लाँचवर हलकंही वाटायचं. लालला नवा सिलिंडर मागवून बसवला आणि नाशिकच्या एका नवरा-बायकोला दिली. ती दोघं मला घाटातले फोटो पाठवतात, गाडी चिखलाने माखलेली असते. इटलीची एका अशा माणसाकडे गेली, की त्याने ती अंधेरीच्या एका हॉटेलात काचेमागे उभी केली. त्या रस्त्याने जाताना मी अजून दुसरीकडे बघतो. सगळंच मनासारखं होत नाही. साय रंगाची एक छोटी गाडी होती, ती मी तांडेलला दिली. तो नको नको म्हणत होता, मग म्हणाला, जाऊ दे, राहू दे. आता तो आणि त्याची बायको तिच्यात बसून भाईंदरच्या बाजारात जातात, मागच्या फळीला बर्फाची पेटी बांधून. गाडीवाल्या मंडळींनी हे ऐकून कपाळाला हात लावला. मी तिच्यात एकदा बसलो आहे. बोंबलाचा वास येतो आणि इंजिन घड्याळासारखं चालतं.

आता मी मंडळींच्या मेळाव्यांना कमी जातो. गेलो तरी बोलण्यात भाग घ्यायला माझ्याकडे फार काही नसतं. कुणी विचारतं, एकच ठेवलीत? मी म्हणतो, दोनच माणसं आहोत.

डॉक्टरबाई आता नव्वदीकडे झुकल्यात. दिसणं जवळजवळ गेलंय. थंडीतल्या एखाद्या रविवारी त्यांचा फोन येतो आणि त्या पहिल्यांदा विचारतात, आज कुठे गेला होतात? मग मी फोन बॉनेटजवळ धरतो. मागच्या वर्षी मिनिटभर ऐकून त्या म्हणाल्या, मागचा कार्ब्युरेटर पातळ घेतोय, पेट्रोल कमी पडतंय त्याला, बघून घ्या. मी उघडून बघितलं. खरंच होतं.

परवा पंखा बंद झाला, आणि काल रविवार होता. आम्ही सकाळी सातला निघालो. ऊन कोवळं होतं, घोडबंदरच्या बाजूला डोंगरावर अजून धुकं बसलेलं. टप खाली होतं. खाडीचा पूल मागे टाकून वसईच्या फाट्याच्या अलीकडे आलो आणि हिरवी एकदम गप्प झाली. बाजूला घेतली. बॅटरीची तार सैल झाली होती, ती मी घट्ट केली, पण स्टार्टरला जोर येईना. विद्याने डब्यातून पेरू काढून कापला, मीठ लावलं, अर्धा मला दिला. तो खाऊन झाल्यावर मी म्हणालो, ढकलून बघू. ती स्टिअरिंगवर सरकली. मी मागे गेलो, दोन्ही हात डिकीवर टेकले आणि रेटा दिला. उतार होता. गाडी सरकली, वेग आला, मी धावायला लागलो. विद्याने क्लच सोडला, एक धक्का बसला, आणि इंजिन पेटलं.

मला वाटलं, आता थांबेल. ती थांबली नाही. दुसरा गिअर टाकल्याचा आवाज आला, मग तिसरा. तिचे केस वर उडाले, एक हात वर झाला, आणि वळणावरून गाडी दिसेनाशी झाली. आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला, एका लयीत, कुठेही न अडखळता. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, हात काळे, तोंडात पेरूची चव. येईल परत, म्हटलं, आणि कठड्यावर बसलो.